राज्य कोणावर?

मराठी मुलांच्या खेळांत 'राज्य' या शब्दाचा अर्थ मोठा विलक्षण आहे. मोठ्यांच्या जगात राज्य मिळवण्यासाठी रक्त सांडते. लपंडावात ते ज्याच्यावर येते तो हिरमुसतो आणि कधी एकदा उतरते याची वाट पाहतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कराडजवळच्या मलकापूरसारख्या गावांतून चोर-शिपाई खेळणाऱ्या मुलांपुढे निराळाच पेच असणार. ९ सप्टेंबर १९४२ रोजी सातारा जिल्ह्यातच, वडूजच्या मोर्च्यावर पोलिसांनी गोळीबार करून माणसे मारली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ क्रांतिकारकांनी आगगाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम नेली. क्रांतिसिंह नाना पाटील भूमिगत होते. त्यांच्या माणसांना भाकरी देणे कित्येक घरांत पुण्यकर्म ठरले होते. शाळेत चोरी हे पाप आणि शिपाई हा रक्षक. ओसरीवरच्या कुजबुजीत नेमके उलट. मग शिपाई व्हायचे कोणी?

प्रश्न पोरकट नाही. प्रतिसरकारने गावोगाव न्यायनिवाडे केले, तसेच गुंडांना व खबऱ्यांना तळपायांवर फटक्यांची शिक्षाही दिली. लोक त्याला 'पत्री सरकार' म्हणू लागले. त्यातला कोणता फटका न्यायाचा आणि कोणता सुडाचा, हे मोठ्यांनाही सांगणे कठीण होते.

मुलांनी लढाईचा खेळ खेळूच नये, असे काही सद्भावी पालक म्हणतात. मला ते पटत नाही. खेळात मेलेला गडी पुढच्या डावात उठतो, आजचा शिपाई उद्या चोर होतो. पाठलाग होणाऱ्याची धाप स्वतःच्या छातीत अनुभवण्याची ही संधी कोणतेही सैन्य आपल्या जवानाला देत नाही. (सेनापतींना तर नाहीच नाही.)

धोका अन्यत्र आहे. खबऱ्या व्हायला कोणीच तयार नसते, तेव्हा मुले कोणाकडे बोट दाखवतात ते पाहावे. ज्याचे वडील पोलिसांत आहेत, जो तोतरा बोलतो, जो गावात नवा आहे किंवा ज्याचे देवालय वेगळे आहे, त्याच्याकडे. तो रडला तर 'रडीचा डाव' म्हणून हिणवायचे! तीन संध्याकाळी एकाच पोरावर राज्य राहिले, तर तो खेळ उरलेला नसतो. गावाबाहेरचे युद्ध आळीत शिरलेले असते.

अशा वेळी ओट्यावर बसलेल्या वडीलधाऱ्याने काय करावे? डाव मोडला, तर तेच पोर दुसऱ्या आळीत तीच शिक्षा भोगते. मला वाटते, त्याने गुडघे दुखत असले तरी उठावे, धोतराचा सोगा खोचावा आणि म्हणावे, "आता राज्य माझ्यावर."