दुर्मुख संवत्सराची तूर

जळगावच्या दाणा बाजारात एक अडत्या होता. आडत नेटकी, उधारी बेताची. नाद एकच, जुन्या चोपड्यांचा. पणजोबांपासूनच्या खतावण्या त्याने लाल फडक्यात बांधून जपल्या होत्या. मोडीतली पानं जाणत्यांकडून वाचून घेतली, सालवार भाव एका लांबलचक तक्त्यावर उतरवले आणि त्यावर गुरूची बारा वर्षं, संवत्सरांची साठ वर्षं बसवून पाहिली. काही साली आकडे जुळले, बऱ्याच साली नाहीत. जुळलेले त्याने शाईने लिहिले, न जुळलेले पेन्सिलीने.

२०१५ साली पावसाने सलग दुसऱ्यांदा दगा दिला आणि तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. पुढच्या पाडव्याला अडत्याने पंचांग उघडलं, तर संवत्सर दुर्मुख. त्याने तक्त्यात साठ वर्षांमागचं, १९५६चं दुर्मुख शोधलं. आजोबांच्या अक्षरात डाळींना तेजी! झालं, गडी तूर भरायला लागला. साठ्यावर सरकारी मर्यादा होती, म्हणून थोडी आपल्या नावावर, थोडी मेव्हण्याच्या.

अखाजीला लेक माहेरी आली. तिला पोचवायला धुळ्याचे व्याही आले. त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. आमरस-मांड्यांचं जेवण झालं आणि अडत्याने तक्ता सतरंजीवर पसरला.

व्याह्यांनी चष्मा लावून सावकाश बोट फिरवलं. एका जागी कापसाचा आकडा एकदम उंच गेलेला. "हे कोणतं साल, आप्पा?"

"१८६४. तेव्हा बघा, गुरू..."

"गुरू राहू द्या. तेव्हा अमेरिकेत यादवी चालली होती. तिथला कापूस विलायतेला पोचेना, म्हणून आपल्या खानदेशच्या कापसाला मोल आलं. १८६५ला लढाई थांबली, कापूस कोसळला आणि मुंबईत पेढ्या बसायला लागल्या. लढाईला काय बारा वर्षांचा नेम असतो?"

हा आकडा शाईने लिहिलेला होता, हे सांगायला नकोच.

अडत्याला हसण्याचंही कारण नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स हे इंग्लंडातले नामांकित अर्थशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांचं चक्र आणि धान्याचे भाव यांची सांगड घालायला ते १८७५ साली बसले. पुढे दिल्लीच्या धान्याचे जुने भावही त्यांनी धुंडाळले. डागांचं चक्र अकरा वर्षांचं धरलं तर व्यापारातली संकटं जुळेनात. कुणी ते साडेदहा वर्षांचं सांगितलं, तसं सगळं जुळलं, म्हणून त्यांनी साडेदहा धरलं. आजचे खगोलशास्त्रज्ञ सरासरी अकराच मोजतात. एवढ्या मोठ्या माणसाच्या हातात शाई-पेन्सिलीचा हा खेळ होतो, तर आपल्या आप्पांचं काय घेऊन बसलात.

"मग जिभाऊ, भाव कळायचा कसा?" अडत्याने जरा घुश्शातच विचारलं.

"माझ्या गल्ल्यापाशी येऊन बसा. कपाशीच्या बियाण्याची चौकशी करणारा जो तो यंदा तुरीचंही बी विचारतोय. ज्यांनी जन्मात तूर लावली नाही, तेसुद्धा. डाळ दोनशे झाल्याचं त्यांनीही ऐकलंय ना! भाव बघून माणूस पेरतो, सगळ्यांचं पेरलेलं एकदम बाजारात आलं की भाव पडतो, पडला की पुढे कुणी पेरत नाही. फेरा असतो, नाही कोण म्हणतं? पण तो फिरवणारा पाभरीमागे चालतो." आणि व्याही हसत आपल्या अहिराणीवर आले, "भाऊ, पाऊस चोपडी वाचीसन पडस का?"

"एका दुकानावरून देशाचा भाव सांगता होय!" म्हणत अडत्याने तक्ता गुंडाळला. तूर भरणं चालूच राहिलं.

पाऊस चांगला झाला. आदल्या वर्षी देशात साधारण पंचवीस लाख टन पिकलेली तूर सरकारी अंदाजाप्रमाणे अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास गेली, शिवाय बाहेरून आणलेली वेगळीच. हमीभाव बोनससकट क्विंटलला ५,०५० रुपये. खुल्या बाजारात त्याच्याही खाली. खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, ठिकठिकाणी बारदाना संपला म्हणून मापं थांबली. अडत्याला तर त्या रांगेतही उभं राहता येईना. तिथे सातबारा लागतो. त्याची तूर पिकवलेली नव्हती, भरलेली होती. डाळमिलवाल्याने पोत्यात हात घातला, दाणे तळहातावर खेळवले, एक दाताखाली फोडला आणि जो भाव सांगितला, त्या भावात माल गेला. मेव्हण्याच्या नावावरचा आधी, कारण मेव्हणा रोज फोन करत होता.

२०१७च्या जूनमध्ये अडत्याने धुळ्याला फोन लावला. "जिभाऊ, यंदा तुरीचं बी किती गेलं?"

"गेल्या सालाइतकं नाही."

"मग भरू का?"

"ते मला दुकानातून दिसत नाही, आप्पा. सरकारी गोदामात मागची तूर पडून आहे. ती कधी बाहेर काढतील, कोणास ठाऊक."

अडत्याने त्या वर्षी साठा केला नाही, आडतीवरच भागवलं. २०१८च्या हंगामातही तूर हमीभावाच्या खालीच विकली गेली.