शेवटचा बाक

महिन्याची पहिली तारीख जवळ आली की वसईतील आमच्या धर्मग्रामात काही घरांतले बोलणे कमी होते. नोकरी सुटलेली असते, आजारपण आलेले असते. घरभाडे कोठून द्यावे? असा माणूस मिस्साला शेवटच्या बाकावर बसतो आणि कोणी विचारण्याआधी निघून जातो. मागणे ही त्याला आपली हार वाटते.

ती हार आहे काय? निकडीच्या गरजेत सृष्टीतील वस्तू सर्वांच्या होतात, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच शिकविले. मग लेकरांवरचे छप्पर टिकावे म्हणून हात पुढे करणारा भीक मागत नाही, कर्तव्य करतो. फ्रेडरिक ओझानाम यांनी सोबत्यांसह १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद म्हणूनच गरजवंताच्या घरी स्वतः जातात.

परंतु एक प्रश्न आम्हांला टोचतो. आपल्यापैकी अनेकांनी वाडीत खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत. रविवारी दानपेटीत नोट टाकणारा आणि सोमवारी थकलेल्या भाड्यासाठी भाडेकरूचे सामान बाहेर काढणारा हात एकच असेल, तर ते दान कसले? सधन मालकाने महिनाभर थांबावे. मालकीण विधवा असेल, तिची चूल त्याच भाड्यावर पेटत असेल, तर तो भार धर्मग्रामाने उचलावा.

येत्या रविवारी आपण शेवटच्या बाकाकडे पाहू या. एकांतात, हलक्या आवाजात आपणच विचारू या. मागण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये.