विरुद्ध एक

आम्हां नाशिककरांना सभेचे वेड जुनेच. उन्हाळ्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते, तेव्हा घरातली कामे आटोपून माणसे सतरंजीवर येऊन बसतात. पण व्याख्यानाची सभा निराळी आणि सभासदांची सभा निराळी. एकीत एकाने बोलायचे नि सर्वांनी ऐकायचे; दुसरीत एखाद्याचेच म्हणणे सर्वांनी ऐकून मग ठरवायचे. हा फरक मला फार उशिरा उमगला, आणि तोही माझ्याच लबाडीमुळे.

काही वर्षांपूर्वी मी एका लहानशा संस्थेचा चिटणीस होतो. वार्षिक सभा पाचची. पाचाला हजर नऊ जण. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सुरू झाली. (हा अर्धा तास नियम करणाऱ्यांनी आपल्या चहासाठीच ठेवला असावा!) विषय वर्गणी दुप्पट करण्याचा होता. सूचक झाले, अनुमोदक झाले, "मंजूर, मंजूर" असा गजर झाला. इतक्यात मागच्या बाकावरून एका वृद्ध सभासदांनी हात वर केला.

"माझा विरोध आहे. कारण सांगू का?"

"अहो, झाला की आता मंजूर!" अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, आणि रात्री इतिवृत्तात लिहिले : 'ठराव सर्वानुमते मंजूर.'

पुढच्या वर्षी मागील इतिवृत्त वाचून कायम करण्याचा विषय निघाला. त्या वेळी निम्मी मंडळी जांभया देत असतात. ते गृहस्थ उठले. दुप्पट वर्गणीची पावती त्यांच्या खिशात होती. म्हणाले, "ठराव बदलू नका. मी विरुद्ध होतो, तेवढे लिहा." मला राग आला. एका हाताने असा काय फरक पडणार होता? मी इतिवृत्त तसेच कायम करून घेतले. त्यानंतर ते सभेला आले नाहीत.

सुरतेच्या काँग्रेसची हकीकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. २७ डिसेंबर १९०७. अध्यक्षांच्या निवडीला अनुमोदन झाल्यावर आपल्याला तहकुबीची सूचना मांडायची आहे, अशी चिठ्ठी टिळकांनी स्वागताध्यक्षांकडे आधी पाठवली होती. तिला उत्तर आले नाही. टिळक व्यासपीठावर गेले, डॉ. रासबिहारी घोष अध्यक्ष निवडले गेले आहेत, आता सूचना नियमबाह्य, असे त्यांना सांगण्यात आले. टिळक हात बांधून उभे राहिले. मग कोठूनसा जोडा आला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला, आणि खुर्च्या व काठ्या चालल्या. दोन्ही पक्ष एकत्र यायला १९१६ चे लखनौ उजाडले.

लहानपणी मला यात टिळकांचे धैर्य तेवढे दिसे. आता ती चिठ्ठी दिसते. सूचना मतास टाकली असती, तर बहुधा पडलीच असती. पण पडलेल्या सूचनेचा माणूस सभेत राहू शकतो. नियम तर दोन्ही बाजूंच्या तोंडी होता! जोडा फेकणाऱ्याने टिळकांचे काहीच भले केले नाही, हेही खरे. परंतु बहुमताला नियमाची गरजच काय? त्याला गजर पुरतो. नियम लागतो तो हरणाऱ्याला. आपले ऐकून घेतले आणि आपला हात मोजला, एवढ्यावर तो दुप्पट वर्गणीसुद्धा भरतो.

१८ डिसेंबर १९५४ रोजी लोकसभेत खुद्द सभापती दादासाहेब मावळंकरांना पदावरून दूर करण्याचा ठराव आला. ठराव पडणार हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी घटनेप्रमाणे तो चर्चेला असताना सभापतीने खुर्चीवर बसायचे नसते. उपसभापती अय्यंगार यांनी कामकाज चालवले, विरोधकांचे ऐकले गेले, आणि ठराव पडला. स्वतःवरच्या तक्रारीचा निवाडा स्वतः करायचा नाही, ही गोष्ट मी वर्गात मुलांना कितीदा शिकवली असेल! पण माझ्याच इतिवृत्ताविषयीच्या तक्रारीचा निवाडा मीच केला होता.

एकदा कायम झालेल्या इतिवृत्तात मागाहून खाडाखोड करायची नसते. दुरुस्तीला नवा ठराव हवा. तो येत्या वार्षिक सभेत मांडण्याची लेखी सूचना मी आताच्या चिटणिसांना दिली आहे. आयत्या वेळच्या विषयांत नको, विषयपत्रिकेवरच घ्या, असेही लिहिले आहे. त्या गृहस्थांच्या घरी जाऊन सभेचे निमंत्रणही देऊन आलो. त्यांनी चहा दिला, येतो म्हणाले नाहीत. ठरावाला अनुमोदक अजून मिळालेला नाही.