परदेशी स्थायिक होण्याचा निर्णय आणि मागे राहणाऱ्यांचे हक्क

शिराळा तालुक्यात पावसाळा सुरू झाला की पुढचे चार महिने आभाळ क्वचितच मोकळे होते. पश्चिमेला चांदोलीच्या डोंगरांवर पाऊस कोसळत राहतो, वारणा व मोरणा दुथडी भरून वाहतात, घराच्या भिंतींना ओल चढते आणि वृद्धांचे सांधे धरतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत वारणाकाठच्या गावांनी काय सोसले, हे वाचकांना ठाऊकच आहे. अशा दिवसांत दुबई, मस्कत किंवा दोहा येथे नोकरी करणाऱ्या तरुणाला वाटू लागते की, बायको-मुलांनाही आता तिकडेच न्यावे. तेथे पगार बरा आहे, मशिदी जवळ आहेत आणि वर्षभर लख्ख ऊन आहे. दुबईत साऱ्या वर्षात सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे तेवढा कधी कधी एका दिवसात पडतो.

या विचाराकडे धर्माच्या दृष्टीने कसे पाहावे? याविषयी दोन मते ऐकू येतात. काही वडीलधारे म्हणतात की, अल्लाहने जेथे जन्माला घातले तेथून सुखासाठी उठून जाणे ही नाशुक्री आहे. याउलट काही तरुण म्हणतात की, मुस्लिम देशात जाणे म्हणजे हिजरतच, मग त्यात विचार तो काय करायचा? ही दोन्ही मते तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिल्या मताविषयी इतकेच म्हणता येईल की, ऊन हवेसे वाटणे हा गुन्हा नव्हे. मदीनेत एकदा आठवडाभर पाऊस थांबेना आणि घरे पडू लागली, तेव्हा एका माणसाने जुमाच्या दिवशी उभे राहून गाऱ्हाणे मांडले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला नाशुक्रा ठरविले नाही. पाऊस आमच्यावर नको, आजूबाजूच्या टेकड्यांवर व खोऱ्यांत पडो, अशी दुआ त्यांनी केली, आणि लोक मशिदीतून बाहेर पडले ते उन्हात, असे हजरत अनस (रजि.) सांगतात. सूरह कुरैशमध्ये हिवाळ्यातील व उन्हाळ्यातील प्रवासांचा उल्लेख आहे. मक्केचे व्यापारी थंडीत उबदार यमनकडे आणि उन्हाळ्यात शामकडे जात, असे भाष्यकार सांगतात. या सोयीला कुरआनने दोष दिला नाही. ज्याने भुकेत अन्न व भयात अभय दिले, त्याची उपासना करा, एवढीच मागणी केली.

नशिबाच्या प्रश्नाचे उत्तर हजरत उमर (रजि.) यांनी देऊन ठेवले आहे. शाममध्ये साथ पसरल्याचे कळताच ते वाटेतूनच मागे फिरले, तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, आपण अल्लाहच्या तकदीरीपासून पळता काय? त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा : आपण एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत, दरीची एक बाजू हिरवी व दुसरी ओसाड असेल, तर उंट कोणत्याही बाजूला चारले तरी ते अल्लाहच्या तकदीरीनेच. म्हणजे हिरवी बाजू निवडण्याची मुभा आहे.

आता दुसरे मत. प्रत्येक स्थलांतर हिजरत नसते. कर्मे नियतीवर अवलंबून आहेत, या सुप्रसिद्ध हदीसमध्ये उदाहरण हिजरतीचेच दिलेले आहे : जो अल्लाह व त्याच्या प्रेषितासाठी निघाला त्याची हिजरत तशी, आणि जो सांसारिक लाभासाठी निघाला त्याची त्या लाभापुरती. पगारासाठी आणि हवेसाठी जाणे वैध आहे, पण त्याला हिजरतीचे नाव देऊन आपल्या निर्णयाला पुण्याचे कवच चढवू नये. कारण ते कवच चढले की मागे राहिलेल्यांचे प्रश्न विचारणेच आपण बंद करतो.

आणि खरा प्रश्न नेमका तोच आहे. एक माणूस प्रेषितांकडे (स.) हिजरतीची शपथ घेण्यासाठी आला आणि म्हणाला की, आई-वडिलांना रडत सोडून आलो आहे. त्याला परत पाठविण्यात आले. जसे रडविलेस तसे जाऊन हसव, असे त्याला सांगण्यात आले. तेथे विषय खऱ्या हिजरतीचा होता. मग ऊन आणि पगार यांसाठी निघणाऱ्याने आपल्या घरातील अश्रू किती गांभीर्याने पाहावेत?

याचा अर्थ ज्याचे माता-पिता हयात आहेत त्याने गाव सोडूच नये, असा नाही. प्रवास सुरक्षित असेल आणि आई-वडील निराधार होणार नसतील, तर उपजीविकेसाठी जाण्याची मुभा धर्मशास्त्रज्ञांनी दिली आहे. परंतु निराधार कोणाला म्हणावे? सूरह बनी इस्राईलमध्ये माता-पित्यांच्या वार्धक्याचा उल्लेख करताना, ते तुझ्याजवळ असताना म्हातारे झाले तर, असा आशय आहे. हे 'जवळ असणे' बँकेत पैसे जमा करून पुरे होत नाही. शिवाय "जा बाबा, माझी काळजी करू नकोस," असे अम्मी म्हणाल्या म्हणजे संमती मिळाली, असेही समजू नये. आई असेच म्हणणार, हे प्रत्येक मुलाला आधीच ठाऊक असते.

अम्मींनाच सोबत नेले तर? हाही मार्ग वाटतो तितका सरळ नाही. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास कायद्याने मनाई आहे, इतके तेथील ऊन कडक असते. आपण पावसामुळे घरात बसतो, तेथील लोक उन्हामुळे बसतात. शिराळ्यात दाराशी येणारी शेजारीण आणि बाजारात हाक मारणारी माणसे सोडून त्या माउलीने बंद खिडकीआड दिवस काढायचे. त्यात परदेशातील वास्तव्य मुलाच्या नोकरीला बांधलेले. नोकरी गेली की साऱ्या कुटुंबाला परतावे लागते. म्हणून आखाताला 'कायमचे' म्हणताना जपून म्हणावे.

आणखी एका माणसाचा हक्क सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तो म्हणजे गावात राहिलेला भाऊ आणि त्याची पत्नी. पैसे पाठविणाऱ्याचे नाव होते. रात्री उठून अब्बांना पाणी देणाऱ्या सुनेचे होत नाही. तिच्या श्रमांवर आपले ऊन उभे असेल, तर तिला आधी विचारले पाहिजे. मूल अंगावरून तोडण्याचा निर्णयसुद्धा आई-वडिलांनी परस्पर संमतीने व सल्ल्याने घ्यावा, असे सूरह बकरहमध्ये सांगितले आहे. दूध तोडण्यासाठी मशवरा आवश्यक, तर माती तोडण्यासाठी किती? पत्नीचे, भावजयीचे, जाणत्या मुलांचे मत त्यात आलेच पाहिजे.

खुद्द प्रेषितांच्या (स.) हिजरतीची आखणी या दृष्टीने पाहावी. इ. स. ६२२ मध्ये जीव घेण्यास टपलेल्या शहरातून निघतानाही त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले, ते लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी. वाटाड्या निवडला तो वाट जाणणारा, जरी तो मुस्लिम नव्हता. त्याआधी अनुयायांना हबशाला पाठविले, तेव्हा तेथील हवेची नव्हे तर राजाच्या न्यायाची ग्वाही दिली. आपणही जाण्यापूर्वी देणी फेडावीत, जमिनीतील वाटे व अब्बा-अम्मींच्या सेवेची व्यवस्था लेखी ठरवावी, एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे का ते पाहावे, आणि तेथे कामगाराला न्याय मिळतो का, हे आधी विचारावे.

आपल्या परिसराला स्थलांतर नवे नाही. खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक देशभर पांगले. चांदोलीचे धरण व अभयारण्य यांसाठी कित्येक गावांना उठावे लागले. त्यांना कोणी निवड दिली नव्हती. ज्याला निवड मिळाली आहे, त्याच्यावर हिशोबही अधिक आहे.

तेव्हा जाणाऱ्याने जरूर जावे. अल्लाहची धरती विशाल आहे. मात्र आपल्या वाट्याला येणाऱ्या उन्हाची किंमत कोण चुकविणार आहे, हे आधी विचारावे; आणि ती अशा माणसाच्या माथी पडत असेल ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, तर थांबावे. मदीनेत गेल्यावर मक्केच्या मुहाजिरांना तापाने गाठले, घराची आठवण सतावू लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) मदीना आम्हाला प्रिय कर, अशी दुआ केली. जेथे असू ती भूमी प्रिय होवो आणि जेथून निघालो तेथील कोणाचा हक्क आपल्या गळ्यात न राहो, एवढीच अल्लाहपाशी प्रार्थना. आमीन.