रिकामं काडतूस

आप्पाच्या उजव्या खांद्यावर वांग्याएवढा निळा डाग उमटला होता आणि आजी त्यावर आंबेहळद उगाळून लावत होती. "बंदूक लाथाळ हाय," आप्पा कण्हत म्हणाला, "इकून टाका आन् दुसरी घ्या."

ही पारगावची, 1965च्या सुमाराची गोष्ट. घोड नदीच्या काठानं तेव्हा आजच्यासारखा ऊस नव्हता. बाजरी, कांदा आणि भुईमूग. शेंगा भरल्या की रात्री रानडुकरं उतरायची आणि सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसायचं. शिकारीवर निर्बंध घालणारा 1972चा कायदा अजून यायचा होता. पिकाच्या राखणीसाठी आमच्या घरी लायसन्सची बारा बोअरची दुनळी होती. आजोबांच्या गुडघ्यांनी माळ्यावर चढायला नकार दिला, तेव्हा लायसन्सावर धाकट्या मुलाचं, आप्पाचं नाव चढलं.

आजोबा मराठा पलटणीतून इटलीच्या लढाईत जाऊन आलेले. थ्री-नॉट-थ्री पुष्कळ चालवलेली. लोकांना वाटायचं, त्या रायफलीपुढं दुनळी म्हणजे पोरखेळ. हिशेब मात्र उलटा आहे. रायफल चार किलोची आणि तिची गोळी जेमतेम अकरा ग्रॅमची. दुनळी सव्वातीन किलोची आणि तिच्यातून तीसेक ग्रॅम छर्रे एकदम सुटतात. छर्रे पुढं जातात तशी बंदूक मागं येते, सेकंदाला पाचेक मीटरनं, म्हणजे जोरात हाकलेल्या सायकलीच्या वेगानं. रायफलीचा धक्का याहून कमीच. पण तिच्या दस्त्याला पितळी पट्टी, ती हाडावर बसते, म्हणून नाव तिचं वाईट.

आजोबांनी आप्पाला नदीच्या दरडीखाली नेलं. दरडीत पत्र्याचा डबा ठेवला. मी काडतुसांची पिशवी धरून मागं. आप्पानं बंदूक उचलली आणि लागू नये म्हणून दस्ता खांद्यापासून बोटभर लांब धरला. आजोबांनी तो मागं दाबला. "फट ठिवलीस की ती येग घेऊन येती आन् हानती. चिकटून धरलीस की तुझं समदं अंग तिच्या वजनात जातं. मग नुस्ती ढकलती."

आप्पानं बार काढला. डबा जागच्या जागी. दुसरा काढला, डबा तसाच. आजोबांनी बंदूक मोडली, काडतुसं बदलली, नळी मिटवून त्याच्या हातात दिली.

"आता सावकाश."

मला आजोबांचा हात दिसला होता. त्यांनी आत घातलेलं काडतूस जळकं होतं.

आप्पानं नेम धरला. ओठ आवळले, डोळे गच्च मिटले, खांदा पुढं काढला आणि चाप ओढला. टक्. एवढाच आवाज. पण नळीचं तोंड वीतभर खाली गेलं आणि आप्पाची मान कोंबड्यासारखी आत ओढली गेली. पलीकडच्या काठावरची गुराखी पोरं फिदीफिदी हसली.

"बार तर झालाच न्हाय," आजोबा म्हणाले. "मग ह्या येळला लाथ कुनी मारली रं?"

आप्पा काही बोलला नाही. त्या दिवसापासून आजोबांनी एकच नेम ठेवला: जळकं की भरलेलं, ते सांगायचं नाही. आठवडाभर घरात टक्-टक् चालू. भरलेली काडतुसं महाग, हेही एक कारण असावं. आजोबा पलटणीतले असले तरी हात आखडताच. हळूहळू नळी हलायची थांबली.

अवसेच्या आदल्या रात्री डुकरं आली. आम्हाला घरात बार ऐकू आला, पण कुत्र्यांच्या कल्लोळात कोण मोजतंय! पहाटे आप्पा हसत आला. मोठं डुक्कर बांधावर आडवं झालं होतं.

"किती बार काढलेस?" आजोबांनी विचारलं.

"एकच. एका बारात पडलं."

"आन् लाथ?"

"छ्या! कळलीसुदीक न्हाय."

आजोबांनी बंदूक मोडली. दोन्ही नळ्यांतली काडतुसं जळलेली. त्यांनी ती काढून आप्पाच्या तळहातावर ठेवली. आप्पा कधी त्या दोन काडतुसांकडं बघे, कधी आजोबांकडं.

तोवर आजीनं त्याच्या सदऱ्याची बाही वर सारली होती. ती उठली आणि फळीवरची सहाण खाली काढली.

"कशाला गं आये?" आप्पानं विचारलं.