सुट्टीचे देणे

मे महिना उजाडला, की प्रौढ माणसांच्या गप्पांना हमखास एक वळण लागते. 'आमच्या लहानपणीची सुट्टी काही वेगळीच होती,' असे कोणीतरी म्हणतो आणि मग कैऱ्या, करवंदे, विटी-दांडू, आजोळ यांची उजळणी सुरू होते. बोलणाऱ्यांचे चेहरे खुलतात. ऐकणारी मुले मात्र थोड्याच वेळात उठून जातात. त्या कौतुकाच्या आड आपल्याविषयीची तक्रार दडलेली आहे, हे त्यांना कळत असते. या गोड आठवणींकडे जरा विचारपूर्वक पाहावे, असे आम्हांला वाटते. बालपणीचे ते छोटे छोटे आनंद नेमके कशाचे बनलेले होते? आणि ज्यांना ते लाभले, त्यांच्यावर त्यांचे काही देणे लागते काय?

आम्हा वसईकरांपुरते बोलायचे, तर सुट्टीचे ते दिवस वाडीतच जात. केळीच्या बागेत दुपारी बारा वाजताही गारवा असे. बावखलाच्या पाण्यात उतरले, की बोटांची कातडी सुरकुतेपर्यंत कोणी बाहेर येत नसे. ताडगोळा सोलताना त्याचे पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळे आणि ते वाया जाऊ नये म्हणून जीभ लावण्याची कोणाला लाज वाटत नसे. मीठ-तिखट लावलेल्या एका कैरीच्या पाच फोडी होत, आणि पाचवी फोड कोणाची यावरून भांडण जुंपे. संध्याकाळी क्रुसापाशी माळ म्हणून झाली, की ओंजळीत मूठभर उकडलेले चणे पडत. रात्री ओटीवर एका सतरंजीवर सात-आठ भावंडे आडवी होत. यांतल्या एकाही गोष्टीला दुकानात किंमत नव्हती आणि यांतली एकही गोष्ट एकट्याने भोगायची नव्हती.

अशा क्षुल्लक सुखांचा गंभीरपणे विचार करणे काहींना पोरकटपणाचे वाटेल. थोरांनी तसे मानलेले नाही. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस (इ. स. पूर्व ३४१ ते २७०) याचे नाव पुढे चैनखोरीशी जोडले गेले, प्रत्यक्षात तो अथेन्समधील आपल्या बागेत मित्रांसह साधेपणाने राहत असे. भुकेल्या माणसाला भाकरी आणि पाणी मिळाले, तर त्यांतून परमोच्च सुख लाभते, असे त्याने एका पत्रात लिहून ठेवले आहे. संत थॉमस अक्वायनस (१२२५ ते १२७४) यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात दुःखावरील उपायांचा विचार केला आहे. सुख, अश्रू, मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन हे उपाय सांगून झाल्यावर त्यांनी शेवटी झोप आणि स्नान यांनाही त्याच पंक्तीत बसवले. सत्याच्या चिंतनाशेजारी स्नान! एवढ्या मोठ्या विद्वानाला ते कमीपणाचे वाटले नाही. शरीराला लाभणारी साधी शांती मनालाही सावरते, हे त्यांनी ओळखले होते. बावखलात डुंबून आलेले आणि ओटीवर गाढ झोपलेले मूल या दोन्ही उपायांचा लाभ नकळत घेत होते, असे म्हणायला हरकत नाही.

येथवर सारे गोडच आहे. अडचण पुढे येते. आठवण ही प्रामाणिक साक्षीदार असतेच असे नाही. संत ऑगस्टीन (३५४ ते ४३०) यांनी 'कन्फेशन्स' या आत्मकथनाच्या दहाव्या भागात स्मृतीचा फार सूक्ष्म शोध घेतला आहे. गतकाळचे दुःख आपण आज आनंदाने आठवू शकतो, याचे त्यांना नवल वाटते. स्मृती प्रसंग जपून ठेवते, पण त्यातील बोच मागे राहते. म्हणून आज आपल्याला ओटीवरची सतरंजी आठवते; अंगावरचे घामोळे, रात्रभर गुणगुणणारे डास आणि खोकणाऱ्या आजोबांची जागरणे मात्र आठवत नाहीत. आटलेली विहीर कधी आठवलीच, तर तिच्या तळाशी उतरण्याची गंमत म्हणून आठवते. वाडीतली केळी डोळ्यांदेखत करपताना पाहणाऱ्या बापाच्या मनात काय चालले होते, ते त्या गमतीत सापडत नाही.

स्मृतीच्या या सौजन्याबद्दल तिला दोष देऊ नये. तिच्यामुळेच माणसाला जगणे सुसह्य होते. परंतु तिच्या आधारावर न्यायनिवाडा करणे धोक्याचे. 'आजच्या मुलांना मोबाइलपलीकडे आनंदच ठाऊक नाही,' हा असाच एक निवाडा. ज्या बावखलांत पूर्वीच्या मुलांनी सूर मारले, त्यांतली कित्येक बुजवली गेली. मोकळ्या जागांवर इमारती उभ्या राहिल्या. वाड्या विकण्याच्या कागदांवर मुलांच्या सह्या नव्हत्या; त्या मोठ्यांच्या होत्या. मग ज्याला डुंबायला पाणी आणि खेळायला अंगण ठेवले नाही, त्याने पडद्यात डोके घातले, तर दोष केवळ त्याचा कसा? संत ऑगस्टीन यांनीच बालपणाविषयी लिहिताना म्हटले आहे, की चेंडू खेळल्याबद्दल मुलांना मार बसतो, आणि मोठ्यांच्या खेळांना मात्र कामधंदा असे नाव मिळते. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजही झोंबणारे आहे.

आठवणीत आणखी एक गोष्ट गळून जाते, आणि आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. तो आनंद फुकट होता, असे आपण म्हणतो. मुलांना तो फुकट होता. कोणालाच फुकट नव्हता, असे नाही. मे महिन्यात घरात पाहुणी भावंडे येत, म्हणजे चुलीवरच्या भाकऱ्या दुपटीने वाढत. त्याच महिन्यात पावसाळ्याची बेगमी करायची असे: मिरच्या वाळवून मसाला कुटायचा, पापड घालायचे, सुके बोंबील भरून ठेवायचे, लाकूडफाटा आत घ्यायचा. मोगऱ्याच्या कळ्या उजाडण्यापूर्वी खुडून घरची बाई पहाटेच्या लोकलने दादर गाठत असे आणि परत येऊन चूल पेटवीत असे. मुलांची सुट्टी हा आईच्या कष्टांचा हंगाम होता. ते मुलाला दिसत नाही आणि दिसावे अशी अपेक्षाही करू नये. अनभिज्ञता हा बालपणाचा हक्कच आहे. पण पन्नाशीच्या माणसाला तो हक्क उरत नाही.

आणि वाडीच्या कुंपणाबाहेर पाहिले, तर प्रश्न अधिकच कठीण होतो. करवंदे आणि जांभळे तुंगारेश्वरच्या डोंगराकडून आदिवासी बायांच्या टोपलीतून येत. पानाच्या द्रोणात ती विकत घेतली जात. त्या बाईच्या मागे, लहानशी टोपली डोक्यावर घेऊन, तिचे मूलही उन्हातून चालत येई. आमच्या सुट्टीचे फळ त्याच्या डोक्यावर होते. वय तेच, महिना तोच, ऊनही तेच. आज त्या मुलाला कोणी गाठून विचारले, तर त्याच्या आठवणीतला मे महिना कसा असेल?

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराने ३१ व्या कलमात विश्रांती, मोकळा वेळ आणि खेळ यांना प्रत्येक बालकाचा हक्क मानले आहे. भारताने हा करार १९९२ साली स्वीकारला. पुढे २०१६ साली आपल्याकडील बालकामगारविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्व व्यवसायांत बंदी झाली. मात्र काही अपवाद ठेवले गेले. त्यांतला एक असा, की धोकादायक नसलेल्या कौटुंबिक व्यवसायात मुलाने शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवसांत मदत करण्यास हरकत नाही. आईबापांबरोबर थोडे काम करण्यात वाईट काही नाही. वाडीतल्या मुलांनीही मोगरा खुडला आहे. फरक त्यानंतरच्या तासांचा आहे. कळ्या खुडून झाल्यावर एका मुलासाठी बावखल मोकळे होते, तर टोपली रिकामी झाल्यावर दुसऱ्यासमोर परतीची वाट होती. सुट्टी म्हटल्यावर एकाला खेळ आठवतो आणि दुसऱ्याला मजुरी, ही दरी केवळ कायद्याच्या कलमाने बुजणारी नाही.

येथे विश्रांतीच्या दिवसाविषयीची प्राचीन आज्ञा आठवते. ती केवळ घरधन्याला विसावा घ्यायला सांगत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका या सर्वांची ती मोजदाद करते. आणि अनुवादाच्या पुस्तकात तिचा हेतूही सांगितला आहे, की दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा. 'तुझ्यासारखाच' हा शब्द फार मोलाचा आहे. ज्या विश्रांतीत सेवा करणाऱ्याचा वाटा नाही, ती विश्रांती अपुरी, असेच जणू ती आज्ञा सुचवते. हीच कसोटी आपल्या आठवणींनाही लावता येईल. सुट्टीची आठवण काढताना ज्यांच्या श्रमांवर ती उभी होती, ती माणसे डोळ्यांपुढे येत नसतील, तर ती आठवण अजून अर्धीच आहे.

बालपण परत येत नाही, त्यामुळे त्याचे देणे ज्यांचे त्यांना फेडता येईलच असे नाही. पुष्कळ जणींनी डोळे मिटले आहेत. देणे पुढच्यांकडे वळवावे लागते, आणि ते आनंद जितके छोटे होते, तितकेच ते फेडण्याचे मार्गही छोटे असू शकतात. मुलांच्या सुट्टीचा प्रत्येक तास शिबिरांनी आणि शिकवण्यांनी भरण्याऐवजी काही दुपारी त्यांना नुसत्या, बेहिशेबी द्याव्यात. बुजायचे राहिलेले एखादे बावखल गावाने मिळून उपसावे. घरकामाला येणाऱ्या बाईला मे महिन्यात पगारी आठवडा द्यावा, आणि तिची मुले बरोबर आली, तर त्यांच्या हाती केरसुणी न देता त्यांना आपल्या मुलांच्या खेळात घ्यावे. कैरीच्या फोडी करताना संख्या एकाने वाढली, तर प्रत्येक फोड थोडी लहान होईल, एवढेच. आणि घरात वृद्ध आई असेल, तर सुट्टीत सारे जमल्यावर एका दुपारी तिला पहिल्या पंगतीत बसवावे, वाढायला इतरांनी उभे राहावे आणि तिचे जेवण होईपर्यंत तिला उठू देऊ नये.