ओस पडलेल्या मठाचे पावित्र्य

जुन्या गोव्यात मोंते सांतो टेकडीवर जांभ्या दगडाचा एक अर्धा मनोरा उभा आहे, सुमारे 46 मीटर उंच. ऑगस्टिनियन संन्याशांचे नोसा सेन्योरा दा ग्रासा हे चर्च आणि त्याला लागून असलेला मठ यांची ही खूण. हे संन्यासी 1572 मध्ये गोव्यात आले. चर्च 1602 मध्ये पुरे झाले. 1835 मध्ये पोर्तुगीज सत्तेने धर्मसंघ बंद केले आणि मठ ओस पडला. जांभ्याला चुन्याचा गिलावा वरचेवर द्यावा लागतो. तो देणारे हातच उरले नाहीत. 1842 मध्ये छत खचले, 1931 मध्ये दर्शनी भिंत अर्ध्या मनोऱ्यासह कोसळली.

उपासना थांबलेली वास्तू पवित्र राहते का? कॅथलिक धर्मविधान स्पष्ट आहे: बहुतांशी नष्ट झालेल्या पवित्र स्थळाचे समर्पण संपते. हिंदू आचारही यापासून फार दूर नाही. पार्थिव गणपतीची प्राणप्रतिष्ठा होते, तसे विसर्जनही होते. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचे मंगेशाचे देऊळ संकटात आले, तेव्हा भक्तांनी देवाला झुआरीपलीकडे प्रियोळला नेले आणि मंगेश तिथे नांदू लागला. दोन्हीकडे पावित्र्य दगडाच्या अंगचे नाही, ते माणसांच्या उपासनेबरोबर चालते. या मठाची घंटाही आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि 1871 पासून पणजीच्या चर्चमध्ये वाजते आहे.

तरीही एवढ्याने प्रश्न सुटत नाही. जॉर्जियाची राणी केतेवान हिने धर्म सोडायला नकार दिला, म्हणून शाह अब्बासच्या हुकमाने 1624 मध्ये शिराझला तिचा छळ करून वध झाला. राणी ऑर्थोडॉक्स पंथाची, ऑगस्टिनियन संन्यासी कॅथलिक. पण तिच्या अस्थी त्यांनीच जपल्या आणि काही गोव्याच्या मठात आणून ठेवल्या. पंथभेदापेक्षा त्यांना तिची निष्ठा मोठी वाटली, हे या मठाचे सर्वांत उजळ पान. प्रार्थना थांबली, छत पडले, तरी ठेव तिथेच राहिली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात एक हाड मिळाले. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने 2013 मध्ये डीएनए तपासणीतून ते तिचेच असण्याची दाट शक्यता दाखवली. धर्मविधानाच्या दृष्टीने समर्पण संपलेल्या मठाच्या त्या अवशेषांनी सोपवलेली ठेव मात्र राखली होती. जुलै 2021 मध्ये भारताने त्या अस्थींचा अंश जॉर्जियाच्या स्वाधीन केला.